साखरेबाईंचा श्वास

"आज निकाल देऊन टाक," बाबा म्हणाले. "कोर्टसुद्धा इतक्या तारखा देत नाही."

"आधी बट्टी तर खाऊ द्या."

"खाता खाता दे. कान काही वरणात बुडालेले नाहीत तुझे."

रविवार होता. मी जळगावला कॉलेजात शिकवायचे आणि दर रविवारी सकाळच्या बसने भुसावळला यायचे. तोवर बाबांनी वांगं भाजून सोललेलं असायचं आणि बट्ट्या उकडून तळणीसाठी कापून ठेवलेल्या असायच्या. त्यांच्या हातचं वरण नेहमीच पातळ व्हायचं. त्यावर मी काही बोललं की ते म्हणायचे, "मालगाडीच्या गार्डाला वरण मिळायचं तेच मुळी पातळ. सवय आहे." त्या दिवशीही मी बोलले आणि त्या दिवशीही ते हेच म्हणाले.

जेवण झालं की आमचा सामना सुरू व्हायचा.

दोन गायक होते. दोघंही जगप्रसिद्ध, नावं सांगितली तर कुणालाही माहीत असतील, पण आमच्या घरात त्यांना ती नावं नव्हती. मला लहानाचं मोठं केलं ते बाबांच्या मोठ्या बहिणीने, आक्काने. तिने पहिल्यांदा त्या रॉकवाल्याचा आवाज ऐकला तेव्हा विचारलं होतं, "हा गातोय, का पातेल्याची खरवड काढतोय?" तेव्हापासून तो खरवडे. आणि दुसरी, जिच्या पॉप गाण्यांवर त्या काळी अर्धं जग नाचत होतं, तिच्याबद्दल आक्का म्हणाली, "ही बरी आहे. साखर पेरते." त्या साखरेबाई. आक्का गेली, नावं राहिली.

सामन्याचा नियम एकच होता. गाजलेली गाणी बाद. "ज्या गाण्यावर नवरदेवाचे मित्र नाचू शकतात ते आपल्या कामाचं नाही," असं बाबा म्हणायचे. त्यांना हवी असायची ती तबकडीच्या दुसऱ्या बाजूची शेवटची गाणी. आयुष्यभर ते गाडीच्या शेवटच्या डब्यात बसले होते. "ड्रायव्हरला पुढचं दिसतं. मला नुसतं ऐकू येतं. गाडी कशी चाललीय ते शेवटच्या डब्यातच खरं कळतं, निमा. गाण्याचंही तसंच. शेवटच्या गाण्यापर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात. मग गायक खरं बोलतो."

एक गाणं खरवडेंचं, एक साखरेबाईंचं. दोन्ही ऐकायची, भांडायचं, निकाल लावायचा. ज्याची बाजू हरेल त्याने भांडी घासायची. मी खरवडेंची, बाबा साखरेबाईंचे. खरवडेंचं एक गाणं होतं, त्यात बंद पडलेल्या कारखान्यापुढे एक माणूस जुन्या सवयीने डबा घेऊन उभा राहतो. त्याच्या जोडीला साखरेबाईंचं, बहीण सासरी गेल्यावर खोलीत उरलेल्या दुसऱ्या पलंगाचं. त्या दिवशी साखरेबाई जिंकल्या आणि मी भांडी घासली. मी हरले याचं मला वाईट वाटलं नाही. त्या पलंगावर कुणीतरी बसून उठल्यासारखं वाटायचं, इतकं ते गाणं चांगलं होतं.

पण एका जोडीचा निकाल कधी लागला नव्हता. मी शाळेत होते तेव्हापासून ती पडून होती.

खरवडेंचं पुलाचं गाणं. एक माणूस पुलाच्या मध्यावर थांबलाय, समोरून कुणीतरी यायचं ठरलेलं आहे. कोण ते गाण्यात सांगत नाहीत. शेवटी गिटार थांबते आणि लाकडी जमिनीवर खरवडेंचा पाय तेवढा ताल देत राहतो. मग तोही थांबतो.

आणि साखरेबाईंचं दिव्याचं गाणं. एक बाई रोज संध्याकाळी ओसरीवर दिवा ठेवते. शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात. वाटतं, संपलं. त्या शांततेत एक श्वास ऐकू येतो, अगदी कानाशी. आणि मग एकच ओळ, कुठल्याही वाद्याशिवाय. तिचा अर्थ असा, की आज मी दिवा मालवलाय, पण कडी लावलेली नाही.

खरवडेंची कॅसेट दुकानातून आणलेली, छापील कव्हरची होती. दिव्याचं गाणं होतं ते एका साध्या, कव्हर नसलेल्या कॅसेटवर. ती बाबा आपल्या गार्डाच्या लोखंडी पेटीत, झेंड्यांच्या घडीत ठेवायचे. त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही. ती टेप कुणी भरून दिली हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी बाबांनी दोन्ही गाणी लावली. पुलाचं आधी. मग हात पुसून पेटी उघडली आणि दुसरी कॅसेट दोन बोटांत धरून आणली.

वाद्यं थांबली. श्वास आला. ओळ आली. खटका पडला.

"बोल," बाबा म्हणाले.

"बाबा, खरवडे मुद्दाम पाय वाजवतोय. ती रचना आहे. तो माणूस वाट बघून बघून जागच्या जागी चालतोय, हे नुसत्या पायातून कळतं. साखरेबाईंनी काय केलं? श्वास घेतला. तो सगळेच घेतात."

"घेतला?"

"म्हणजे?"

"नीट ऐकलंस का कधी? गाण्याआधी माणूस श्वास आत घेतो. ही सोडते."

"काहीतरीच. माइकसमोर कळत नाही तसं."

"मला शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसून मालगाडीच्या चाळीसाव्या वाघिणीचं चाक कुरकुरतंय ते कळायचं. बाई श्वास घेते की सोडते ते कळणार नाही?"

"मग गायच्या आधी श्वास सोडणारी गायिका कसली? म्हणजे तुमच्याच साखरेबाई कच्च्या."

बाबा हसले. हसताना ते डावा हात छातीवर ठेवायचे, तसा त्यांनी ठेवला. त्यात मला तेव्हा काही दिसलं नाही, आणि खरोखरच काही नसेलही.

"बरं. निकाल?"

मला साडेचारची बस गाठायची होती. पेपर तपासायचे पडले होते. "पुढच्या रविवारी," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. लेखी हवंय?"

"लेखी नको. पण या खेपेला दे. तू निकाल दिलास की मला एक गोष्ट सांगायची आहे."

"कसली?"

"या गाण्याची."

"मग आत्ताच सांगा की."

"आधी सांगितली तर वशिला होईल," बाबा म्हणाले. "सामना म्हणजे सामना." त्यांनी कॅसेट झेंड्यांत गुंडाळली आणि पेटी लावली. मग माझ्या पिशवीत केळी घातली. मी नको म्हणाले, त्यांनी आणखी दोन घातली. भांडी त्या दिवशी कुणीच हरलं नव्हतं म्हणून अर्धी त्यांनी घासली, अर्धी मी.

मंगळवारी सकाळी दूध तापत ठेवून बाबा खुर्चीत बसले ते उठले नाहीत. दूध करपल्याचा वास आला म्हणून शेजारच्या बेंडाळेकाकू आत आल्या.

लोक आले, गेले. तेरावा झाला. मी रजा वाढवून तिथंच राहिले. कपाटं आवरायची होती, असं मी सगळ्यांना सांगितलं, पण कपाटाला हात लावला नाही. घर शांत झालं की मला तो श्वास ऐकू यायचा. नळ बंद केला की, फ्रिजची घरघर थांबली की, यार्डातून येणारा डब्यांचा आवाज विरला की त्या फटीत कानाशी कुणीतरी श्वास टाकायचं. मी मान वळवायचे. तिथं बाबांची खुर्ची असायची. मी पुस्तकं वाचलेली बाई आहे, असल्या गोष्टींना काय म्हणतात ते मला माहीत होतं. माहीत असून मान वळायची.

आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत राहायची. बाबांना काय सांगायचं होतं? त्यांनी अट घातली होती आणि मी निकाल दिला नव्हता. आता सांगणारं माणूसच नव्हतं. पण निकाल तर मला देता येत होता. निदान तो नीट, प्रामाणिकपणे द्यायचा, असं मी ठरवलं.

बाबांची पेटी उघडायला हात धजेना. म्हणून मी फोनवर दोन्ही गाणी शोधली. इंटरनेटवर सापडली, स्वच्छ, काल गायल्यासारखी. बाबांच्या खुर्चीत न बसता खाली जमिनीवर बसून, कानात इयरफोनची बोंडं घालून मी ऐकायला लागले.

खरवडेंचा पाय जागच्या जागी होता. लाकडाचा आवाज तर टेपपेक्षाही चांगला येत होता.

मग दिव्याचं गाणं. वाद्यं थांबली. मी डोळे मिटले. शांतता आली, आणि तिच्यातून थेट ती ओळ आली.

मी गाणं मागे नेलं. पुन्हा ऐकलं. आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. श्वास नव्हताच.

पहिल्यांदा मला त्या फोनचाच राग आला. जुनी गाणी आता धुऊनपुसून देतात, त्यात श्वासही पुसला असेल. मूळ तबकडी ऐकायला हवी होती. आणि भुसावळात साखरेबाईंची मूळ तबकडी एकाच घरात असणार होती.

डोरीन आंटी रेल्वेच्या जुन्या वस्तीत, चर्चमागे राहायच्या. त्यांचे यजमान पर्सी अंकल मेल गाडीचे ड्रायव्हर, बाबांचे दोस्त. अंकल गेले, त्यांची मुलं ऑस्ट्रेलियाला गेली. आंटी आणि त्यांचा रेकॉर्ड प्लेअर मागे राहिले. लहानपणी मी तिथं केक खायला जायचे. मग जाणं सुटलं.

"आव, निमा. बैठ," दार उघडून आंटी म्हणाल्या. भुसावळचा जन्म असून त्यांचं मराठी हिंदीला धरून धरून चालायचं. "मी आले होते तुझ्या पप्पाच्या वेळेला, तू पाहिलं का? पांढरी साडी नाही माझ्याकडे. ग्रे फ्रॉक घालून आले. लोक बघत होते."

"पाहिलं होतं, आंटी."

"चहा?"

"नंतर. आंटी, तुमच्याकडे ती रेकॉर्ड आहे अजून? जिच्यात शेवटचं गाणं दिव्याचं आहे?"

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता उठल्या. तबकडी कुठं आहे ते त्यांना शोधावं लागलं नाही. "पिन दर ख्रिसमसला बदलते मी," त्या म्हणाल्या. "खाण्याचं विसरेल, पिनचं नाही." त्यांनी तबकडी फडक्याने गोल पुसली, दुसरी बाजू वर केली आणि काटा शेवटच्या पट्ट्यावर अलगद ठेवला.

जुनी खरखर. साखरेबाई. ओसरी, संध्याकाळ, दिवा. वाद्यं थांबली. नुसती खरखर फिरत राहिली. मग ती ओळ.

"नाही," मी म्हणाले.

"क्या नाही?"

"श्वास. इथं एक श्वास आहे, आंटी. बाबांच्या टेपवर आहे. मी लहानपणापासून ऐकतेय. बाबा म्हणायचे, सगळं गाणं त्या श्वासासाठी आहे."

आंटींनी काटा उचलला. तबकडी तशीच फिरत राहिली. त्या खुर्चीत बसल्या.

"त्याने तुला सांगितलं नाही?"

"सांगणार होते."

"बेवकूफ आदमी," आंटी म्हणाल्या, आणि रुमालाने नाक पुसलं. "इथंच भरली ती टेप. या रूममध्ये. पर्सीचा भाऊ जहाजावर होता, त्याने टेपरेकॉर्डर आणला. वायर नव्हती, हे मशीन ते मशीन जोडायची. माइक होता छोटा. टेबलवर ठेवला तर घर्रघर्र यायचं. मग कुणीतरी माइक हातात धरायचा, स्पीकरसमोर, असा. हलायचं नाही. पप्पाचा हात हलत होता, पर्सीला तर थरथर होतीच. तेव्हा शकू म्हणाली, मी धरते."

शकू म्हणजे शकुंतला. घरात तिचा लग्नातला एक फोटो होता, खांद्यावरून पदर घेतलेला. बाबा तिच्याबद्दल बोलायचे नाहीत. मीही विचारायचे नाही. माझ्या जन्मानंतर आठवड्याभरात ती गेली, एवढं आक्काने सांगितलं होतं. लहानपणी ठेच लागली की वर्गातल्या मुली 'आई गं' म्हणायच्या आणि मी 'बाबा गं' म्हणायचे. मुली हसायच्या. पुढे मी ठेच लागली तरी काहीच म्हणेनाशी झाले.

"एप्रिल होता," आंटी सांगत होत्या. "तुला माहीत आपला एप्रिल. पंखा बंद केला, आवाज येतो म्हणून. खिडक्या बंद. पर्सी बाहेर उभा, दूधवाल्याला अडवायला. तू पोटात होती, एवढं मोठं पोट. पप्पाने तिला सांगितलं, शकू, श्वासपण जपून घे. मस्करीत सांगितलं. तिने खरं धरलं. पूर्ण गाणं उभी राहिली, घामाने भिजलेली, हात असा वर. मी इथून बघत होते. मला वाटलं, पडते आता. मग म्युझिक थांबलं."

आंटींचा वर धरलेला हात खाली आला.

"तिला वाटलं, संपलं गाणं. तिने कुठं पहिले ऐकलं होतं? तिने सोडला श्वास. हुश्श. आणि ही बाई परत गायला लागली!" आंटी हसल्या आणि त्यांचे डोळे भरले. "शकूने तोंडावर हात ठेवला. पप्पा असा बघतो तिच्याकडे, मोठे डोळे. गाणं संपल्यावर ओरडला, शकू, सगळं बिघडवलंस! ती इतकी हसली, इतकी हसली, की खाली बसली. मी म्हटलं, चलो, फिरसे करू. पप्पा म्हणाला, नको, ही दमली. पुढच्या रविवारी करू."

फिरणाऱ्या तबकडीवर छतातला पंखा दिसत होता.

"पुढच्या रविवारी दवाखान्यात होती," आंटी म्हणाल्या. "मग कितीदा मी सांगितलं त्याला, घेऊन ये मशीन, क्लीन कॉपी करू. तो म्हणायचा, डोरीन, माझी कॉपी क्लीनच आहे."

चहा मी घेतला. काय बोललो ते आठवत नाही. निघताना आंटींनी माझ्या हातात केकचा तुकडा ठेवला, लहानपणी ठेवायच्या तसा कागदात गुंडाळून.

घरी आले तेव्हा दुपार टळत होती. मी बाबांची पेटी उघडली. हिरवा झेंडा, लाल झेंडा, मधे कॅसेट. टेपरेकॉर्डर पुसला. खिडक्या लावल्या. मग पंखाही बंद केला. बाहेर यार्डात डब्यांचं शंटिंग चाललं होतं, ते थांबेपर्यंत थांबले.

आधी खरवडे लावले. पूर्ण ऐकले, शेवटचा पाय थांबेपर्यंत. मग दिव्याचं गाणं पूर्ण ऐकलं. नियमाप्रमाणे.

"बाबा," मी खुर्चीकडे बघून म्हणाले, "गाणं खरवडेंचंच चांगलं आहे. वशिला चालणार नाही. भांडी तुमच्याकडे."

खुर्ची गप्प होती. मला हसू आलं, आणि हसताना माझा डावा हात आपोआप छातीवर गेला.

मग मी टेप मागे नेली. या खेपेला सामना नव्हता. मी स्पीकरसमोर उभी राहिले, जिथं ती उभी राहिली असेल तेवढ्या अंतरावर. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. साखरेबाई दिवा लावत होत्या, रोजच्या रोज, प्रत्येक कडव्यात. तिला हे गाणं कुठं संपतं ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझाही श्वास कधी अडकला ते कळलं नाही.

वाद्यं थांबली.

तिने श्वास सोडला. दमलेला, सुटल्यासारखा, अगदी कानाशी. बाबा बरोबर होते, तो सोडलेलाच होता. त्या शांततेत साखरेबाईंची ओळ यायच्या आत जेवढी जागा होती, तेवढ्यात मी म्हणाले,

"आई."